मलेशियाच्या प्रवासात कोणत्या घरांत उतरावे?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत मलेशियाचा प्रवास करण्याचे आम्ही ठरवले आहे. मी, माझे पती आणि माझ्या सासूबाई असे तिघे आहोत. सासूबाईंची प्रकृती उत्तम आहे, मात्र गुडघ्यांमुळे त्यांना उंच जिने आणि जमिनीवरची बैठक जमत नाही. शिवाय त्या पूर्ण शाकाहारी आहेत. मार्ग ढोबळमानाने क्वालालंपूर, मलाक्का, पिनांग बेटावरील जॉर्ज टाउन आणि शेवटी बोर्निओ बेटावरील सारावाक असा ठरला आहे.

मलय, चिनी, तमिळ, पेरानाकान (स्थानिक चालीरीती स्वीकारलेले जुन्या चिनी स्थलांतरितांचे वंशज) आणि सारावाकमधील इबान व बिदायुह हे आदिवासी असे अनेक समाज ज्या देशात शेजारी शेजारी राहतात, तेथे प्रत्येक गावी काचेच्या मनोऱ्यातील त्याच त्या खोलीत झोपणे आम्हाला नको आहे. जेथे राहू ती वास्तू त्या गावाबद्दल काही सांगणारी असावी, एवढीच अपेक्षा आहे. अडचण अशी की, शोध घेतला असता ‘हेरिटेज’, ‘होमस्टे’ आणि ‘लाँगहाऊस’ हे तीन शब्द इतक्या सढळपणे वापरलेले दिसतात की त्यांवरून काहीच बोध होत नाही. छायाचित्रांतही सगळीकडे त्याच रंगीत फरश्या आणि तेच कोरीव पलंग असतात. खरोखर जुने घर कोणते आणि जुनेपणाचा मुलामा दिलेले कोणते, हे दुरून कसे ओळखावे? लाँगहाऊसमध्ये, म्हणजे सारावाकमधील अनेक कुटुंबांच्या सामाईक लांब घरात, राहणे हे पाहुण्यांसाठी मांडलेले प्रदर्शन असते, की तेथील कुटुंबांना आपले येणे खरोखर मान्य असते? आणि सासूबाईंना बरोबर घेऊन यातले किती जमेल? ज्यांनी हा देश निवांतपणे पाहिला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चुनागच्ची

माझे काम जुन्या इमारतींच्या दुरुस्तीशी निगडित आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूला झुकेल, हे आधीच सांगतो. लाँगहाऊसविषयी इतरांनी लिहावे. मी फक्त जॉर्ज टाउन आणि मलाक्का या दोन शहरांपुरते लिहितो.

या दोन्ही शहरांचे जुने भाग २००८ साली एकत्रितपणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेथे प्रवाशांना राहायला मिळणारी बहुतेक जुनी घरे शॉपहाऊस या प्रकारची आहेत. खाली दुकान किंवा वखार आणि वर कुटुंबाचे बिऱ्हाड, अशी त्यांची मूळ रचना असते. दर्शनी रुंदी जेमतेम सहा-सात मीटर असते, आत मात्र घर तीस मीटर आणि कधी त्याहूनही खोल जाते. एवढ्या लांब घरात उजेड आणि वारा आणायचा, तर मध्ये छत मोकळे सोडावे लागते. आपल्या वाड्यातल्या चौकासारखी ती उघडी जागा हाच या घराचा श्वास असतो. म्हणून खोली ठरवताना पहिली चौकशी चौकाची करावी. तो अजून आकाशाला उघडा आहे, की वर काच टाकून आत वातानुकूलन यंत्रे बसवली आहेत? ज्या मालकाने चौक उघडा ठेवला आहे, त्याने पावसाचे पाणी, ओल आणि डास यांचा त्रास पत्करून घराची मूळ बुद्धी शाबूत ठेवली आहे, असे मी समजतो. छायाचित्रातल्या पलंगापेक्षा ही खूण कितीतरी विश्वसनीय आहे.

दुसरी खूण भिंतीच्या तळाशी असते. ही घरे विटांची आणि चुन्याच्या गिलाव्याची आहेत. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडून जाते, पण त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की ती आतच अडकते आणि काही वर्षांत खालच्या दोन-तीन फुटांचा पापुद्रा सुटू लागतो. पूर्वी उतरलेल्या लोकांच्या अभिप्रायांत ‘कुबट वास’ हा शब्द वारंवार आला, तर दर्शनी भाग कितीही सुंदर असला तरी आतली दुरुस्ती घाईची आहे, असे खुशाल समजावे.

आता खोल्यांविषयी. रस्त्याकडची खोली सर्वांत देखणी आणि सर्वांत गोंगाटाची असते. मधल्या खोल्यांना बाहेरची खिडकी नसते, त्या चौकाकडे उघडतात. शांतता हवी असेल आणि बंद खोलीचा त्रास होत नसेल, तर त्याच घ्याव्यात. जिने बहुधा लाकडी आणि उभे असतात, उंबरे उंच असतात आणि चौकाची फरशी एक पायरी खाली असते. सासूबाईंसाठी तळमजल्यावरच्या मागील खोलीची स्पष्ट मागणी करावी आणि शयनगृहापासून न्हाणीघरापर्यंत किती पायऱ्या आहेत हेही विचारावे. हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत.

दोन ठिकाणांची नावे घेतो. जॉर्ज टाउनमधील लीथ स्ट्रीटवर चाँग फात त्झे या धनाढ्य हक्का चिनी व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला निळा वाडा आहे. ३८ खोल्या, ५ चौक, ७ जिने आणि २२० खिडक्या असा त्याचा पसारा आहे. तो मोडकळीस आला असता संवर्धनाची आस्था असलेल्या गटाने विकत घेऊन दुरुस्त केला. त्या कामाला २००० साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला आणि आज त्यातल्या काही खोल्यांत पाहुण्यांची सोय आहे. चिनी चौकघराचा आराखडा, स्कॉटलंडहून आणलेले ओतीव लोखंडाचे खांब, इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील फरश्या आणि चिनी मातीच्या फोडलेल्या वाट्यांच्या तुकड्यांनी सजवलेले छत, हे सारे एकाच घरात नांदते. मलेशियातील समाज एकमेकांत कसे मिसळले, हे मला तरी वस्तुसंग्रहालयापेक्षा अशा घरात अधिक उमगते. ज्यांना तेथील दर झेपत नाहीत, त्यांना शुल्क देऊन मार्गदर्शकाबरोबर वाडा पाहता येतो. दुसरे ठिकाण समुद्रकाठचे ईस्टर्न अँड ओरिएंटल हॉटेल. सारकीज नावाच्या आर्मेनियन बंधूंनी १८८५ साली ते सुरू केले आणि सिंगापूरचे रॅफल्स हॉटेलही त्यांचेच. ते महाग आहे आणि घरपणाचा तेथे लवलेशही नाही, पण वसाहतकाळातील बंदराचा डौल समजून घ्यायचा असेल आणि जिने टाळायचे असतील, तर एक रात्र तेथे घालवण्यात काही वावगे नाही.

एक गोष्ट मात्र मनात ठेवून निवड करावी. मलेशियात १९६६ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या शहरातली भाडी दीर्घकाळ अत्यल्प राहिली. १९९९ च्या अखेरीस ते नियंत्रण उठले आणि जॉर्ज टाउनच्या मध्यभागातून अनेक जुने भाडेकरू बाहेर पडले. आज आपण ज्या सुबक खोलीत झोपतो, तेथे पूर्वी एखादे कुटुंब किंवा कारागीर राहत असण्याची शक्यता मोठी आहे. यावर उपाय म्हणजे तेथे जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. पण ज्या गल्लीत अजून अगरबत्त्या वळणारे, पाट्या कोरणारे, किराणा विकणारे आहेत, त्या गल्लीतले घर निवडावे. नकाशावर हॉटेलच्या दोन्ही बाजूंना काय आहे, ते पाहावे. सलग सात-आठ दारे हॉटेले आणि कॉफीची दुकाने असतील, तर ते घर जुने असूनही त्याचा शेजार गेलेला आहे.

होडीवाट

चुनागच्ची यांनी शेजाराचा जो निकष दिला आहे, तोच मी लाँगहाऊसला लावीन, कारण लाँगहाऊस म्हणजे मुळात एका छपराखालचा अख्खा शेजारच असतो.

इबान लोकांच्या लाँगहाऊसमध्ये प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र खोली असते, तिला बिलिक म्हणतात. सगळ्या बिलिकांच्या दारांसमोरून जी लांबच लांब झाकलेली पडवी जाते, ती रुआई. घर केवढे आहे हे मीटरमध्ये न सांगता दारांच्या संख्येत सांगतात. रुआई कोणा एकाची नसते. तेथे जाळी विणली जातात, भात निवडले जाते, मुले अभ्यास करतात आणि पाहुण्यांच्या गाद्याही मच्छरदाणी लावून तेथेच टाकतात. रुआईबाहेरची उघडी फळी म्हणजे तांजू, तिच्यावर धान्य आणि मिरी वाळवतात. (आपले सदस्यनाम पाहता रुआई आपल्याला आवडेल, याविषयी मला शंका नाही.)

प्रदर्शनाचा प्रश्न आपण विचारला आहे, त्याचे उत्तर ठिकाणागणिक बदलते. सारावाकची राजधानी कुचिंग येथून गाडीने सुमारे चार तासांवर बातांग आई हे धरणाचे जलाशय आहे. हे जलविद्युत धरण १९८५ साली कार्यान्वित झाले आणि त्याच्या पाण्याखाली गेलेल्या प्रदेशातील इबान कुटुंबांचे पुनर्वसन करावे लागले. त्याच जलाशयाच्या काठी लाँगहाऊसच्या आकाराचे एक आरामशीर हॉटेल आहे आणि तेथून होडीने वरच्या नद्यांवरील खऱ्या लाँगहाऊसना भेट देता येते. हॉटेल उत्तम आहे, पण ते लाँगहाऊस नव्हे. तेथे राहणाऱ्याने आपण कोणत्या पाण्याच्या काठावर बसलो आहोत, एवढे तरी जाणून असावे. दुसरा प्रकार म्हणजे लाँगहाऊसच्या शेजारीच पाहुण्यांसाठी बांधलेले वेगळे घर. सोय आणि एकांत दोन्ही राखले जातात आणि संध्याकाळ रुआईवर घालवता येते. तिसरा प्रकार म्हणजे प्रत्यक्ष रुआईवर झोपणे. त्यात स्नान बहुधा नदीवर असते आणि पहाटे कोंबडे कोणालाच झोपू देत नाहीत.

पाहुणे आले की ढोल-झांजा वाजतात, धनेशाच्या पिसांचा शिरपेच घालून न्गाजात नृत्य होते आणि तांदळाची तुआक नावाची दारू पुढे केली जाते. हे सारे ‘खोटे’ म्हणून नाक मुरडणारे प्रवासी मला पटत नाहीत. पाहुण्याचे असे स्वागत ही तेथील जुनीच रीत आहे. मला महत्त्वाचे वाटते ते निराळे. कार्यक्रम कधी करायचा हे कोण ठरवते, आणि पैसे कोणाच्या हाती पडतात? गावप्रमुखाला, म्हणजे तुआई रुमाहला, विचारून आणि सर्व दारांमध्ये पाळीपाळीने पाहुणे वाटून देणारी व्यवस्था असेल, तर निःशंक जावे. शहरातल्या सहल कंपनीने दिवसाकाठी तीन गट आणून सोडायचे आणि गावाला नाममात्र रक्कम द्यायची, अशी रीत असेल, तर तेथली संध्याकाळ सर्वांनाच कंटाळवाणी जाते. आरक्षण करण्यापूर्वी ‘आमच्या पैशांपैकी किती भाग लाँगहाऊसला जातो आणि तो कसा वाटला जातो?’ असे सरळ लिहून विचारावे. प्रामाणिक मनुष्य त्याचे उत्तर देतो. भेटवस्तू न्यायच्या असतील, तर सर्व कुटुंबांना सारख्या वाटता येतील अशा न्याव्यात आणि त्या तुआई रुमाहच्या हाती द्याव्यात. आपल्या मनाने मुलांना खाऊ वाटत सुटू नये.

सासूबाईंसाठी मी नदीवरचे लाँगहाऊस सुचवणार नाही. लांब अरुंद होडीत खाली बसावे लागते, काठावर चढ निसरडा असतो आणि पाणी कमी असेल तेव्हा उतरून होडी ढकलावीही लागते. त्याऐवजी कुचिंगपासून सुमारे ६० किलोमीटरवर पाडावान भागात अनाह राईस हे बिदायुह समाजाचे लाँगहाऊस आहे, तेथपर्यंत गाडी जाते. बांबूच्या पट्ट्यांची सामाईक ओटी आणि जुन्या लढायांतल्या कवट्या जपलेली खोली तेथे पाहायला मिळते आणि अनेक कुटुंबे पाहुणे ठेवतात. काही घरांवर पत्रा आहे, काहींत फरशी आणि दूरचित्रवाणी आहे. ते पाहून हिरमुसू नये, कारण लोक तेथे आजच्या काळात राहत आहेत. पलंग आणि बसायचे शौचालय असलेले घर द्यावे, असे आधी कळवावे.

तारखांविषयी एक सूचना. १ आणि २ जून हे सारावाकमध्ये गावाय दायाक या सुगीनंतरच्या सणाचे दिवस असतात आणि जल्लोष ३१ मेच्या रात्रीच सुरू होतो. शहरांत नोकरी करणारी सगळी मंडळी त्या वेळी आपापल्या लाँगहाऊसला परततात. एखाद्या कुटुंबाने आपल्याला बोलावले असेल, तर त्यासारखा योग नाही. ओळख नसताना मात्र त्या दिवसांत खोली मागणे म्हणजे ऐन दिवाळीत अनोळखी घरी मुक्कामाला जाणे होय. आपल्या मार्गात सारावाक शेवटी आहे, ते तसेच ठेवावे.

पूर्वकिनारा

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण या देशात संख्येने सर्वांत मोठा असलेला मलय समाज आणि त्याची लाकडी घरे चर्चेतून निसटली आहेत. खांबांवर उचललेले घर, पुढे सेरांबी म्हणजे ओसरी, मध्ये रुमाह इबू म्हणजे मुख्य खोली आणि मागे स्वयंपाकघर, अशी त्याची मांडणी असते. तरंगानू राज्यात ही घरे चंगाल नावाच्या कठीण लाकडाची करतात. फळ्या आणि चौकटी खाचांत बसवलेल्या असतात, खिळे जवळपास नसतातच, आणि छपरावर सिंगोरा नावाची लहान कौले असतात. सेतियू भागातील पनारिक येथे तेरापुरी नावाच्या ठिकाणी अशी अनेक पडकी घरे ठिकठिकाणांहून आणून, दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उभी केली आहेत. लंकावी बेटावरही याच पद्धतीने जुनी घरे हलवून केलेली निवासस्थाने आहेत.

मूळ जागेवरून हलवलेले घर अस्सल नाही, असे कोणी म्हणण्यापूर्वीच सांगतो की मलय घर हलवण्यासाठीच बांधलेले असते. सुटे करून दुसरीकडे जोडणे, किंवा गावाने मिळून अख्खे घर खांद्यावर उचलून नेणे, ही तेथील जुनी रीत आहे. मे आणि जून हे पूर्व किनाऱ्यासाठी उत्तम महिने आहेत. नोव्हेंबरपासून तीन-चार महिने ईशान्य मोसमी पावसामुळे त्या बाजूची बेटे बहुतांशी बंद असतात.

होमस्टेविषयी थोडेसे, कारण यात पुष्कळ लोक फसतात. मलेशियात रस्तोरस्ती ‘होमस्टे’ अशा पाट्या दिसतात, त्यांतल्या बहुसंख्य म्हणजे भाड्याने मिळणारी रिकामी घरे असतात, यजमान किल्ली देऊन निघून जातो. कुटुंबात राहून त्यांच्याबरोबर जेवण्याची व्यवस्था हवी असेल, तर पर्यटन मंत्रालयाकडे नोंदलेले होमस्टे शोधावे लागते. ही योजना १९९५ साली पाहांग राज्यातील तमर्लोहजवळच्या देसा मुर्नी या गावांपासून सुरू झाली. त्यात पाहुणा एका घराकडे न येता गावाकडे येतो आणि गावाची समिती त्याला घर नेमून देते. घर आपल्याला निवडता येत नाही, हे काहींना खटकते. मला तीच त्यातली खुबी वाटते.

ओसरी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पैशांच्या वाटणीविषयी सरळ विचारावे, हे माझ्या मनात आले नसते. कदाचित संकोचामुळे आले नसते. आता तीन शंका उरल्या आहेत. पहिली, हलवलेल्या घरांविषयी चुनागच्ची यांचे मत काय आहे? दुसरी, मलय किंवा बिदायुह कुटुंबात राहताना सासूबाईंच्या जेवणाचे कसे करावे? यजमानांना अवघडल्यासारखे होऊ नये, ही माझी खरी काळजी आहे. तिसरी, प्रत्येक समाजाच्या घरात एकेक रात्र राहावे असा मोह होतो आहे, तो कितपत शहाणपणाचा आहे?

ताटवाटी

जेवणाचे मी सांगते. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगून काम भागत नाही, कारण मलय स्वयंपाकात कोळंबीच्या आंबवलेल्या वडीला, म्हणजे बलाचानला, आणि इकान बिलिस या सुक्या बारीक माशांना बरेच जण मांसाहार समजत नाहीत. ती चवीची गोष्ट मानली जाते. पालेभाजीची कढईसुद्धा बलाचानच्या वासानेच तापते. तेव्हा काय खात नाही त्याची यादीच द्यावी. ‘साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, बलाचान’ म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी आणि बलाचान खात नाही. हे वाक्य कागदावर लिहून पोहोचण्याच्या आधी पाठवले, तर यजमानीण बाजाराला जाण्यापूर्वीच निर्धास्त होते.

सारावाकमध्ये तर शाकाहाऱ्याची चंगळ होऊ शकते. मिदिन नावाचे रानटी नेच्याचे कोंब, बांबूचे कोवळे कोंब, टॅपिओकाची पाने आणि बांबूच्या नळीत शिजवलेला भात हे तेथील रोजचे अन्न आहे. फक्त बलाचानला नकार द्यायचा. मलय घरात डुकराचे मांस आणि दारू नेऊ नये. बिदायुह आणि इबान घरांत दोन्ही असतात आणि तुआकचा पेला पुढे आला तर तो बोटांनी स्पर्शून, हसून नाकारला तरी कोणी रागावत नाही. जॉर्ज टाउन आणि मलाक्का येथे बौद्ध चिनी शाकाहारी भोजनालये आहेत, शिवाय तमिळ खानावळी आहेतच. पेरानाकान घरातील जेवण मात्र सासूबाईंना कठीण जाईल. तेथे सकाळच्या न्याहारीपुरते राहावे आणि जेवण बाहेर घ्यावे.

चुनागच्ची

हलवलेल्या घरांविषयी पूर्वकिनारा यांचे म्हणणे मला निम्मे मान्य आहे. घर सुटे होते, हे खरे. पण पूर्वी ते मालकाबरोबर नव्या जागी जात असे आणि तेथेही त्याच्या भोवती नारळ, विहीर, भाऊबंद आणि मशीद असे. आता ते घर पाहुण्यांकडे जाते. लाकूडकाम वाचले, हे मोलाचे आहे, कारण जागेवर राहिले असते तर वाळवीने संपवले असते. म्हणून अशा ठिकाणी मी सुतारकाम पाहण्यासाठी आनंदाने राहीन, पण त्यावरून मलय गावाची कल्पना करणार नाही. त्यासाठी नोंदणीकृत होमस्टेच हवे. आपल्या मार्गात पूर्व किनारा बसत नसेल, तर ओढाताण करू नये.

तिसऱ्या शंकेबद्दल माझे मत ठाम आहे. समाजागणिक एक घर अशी यादी करू नये. मलेशियात समाज निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेले नाहीत आणि दर रात्री सामान बांधणाऱ्याला ते दिसतही नाहीत. जॉर्ज टाउनमध्ये जालान मस्जिद कपितान क्लिंग या एका रस्त्यालगत इंग्रजांचे सेंट जॉर्ज चर्च, ग्वानयिन देवीचे चिनी मंदिर आणि दक्षिण भारतीय मुस्लिमांची कपितान क्लिंग मशीद आहे आणि १८३३ सालचे महामारिअम्मन मंदिर जवळच क्वीन स्ट्रीटवर आहे. या परिसरात एकाच घरी चार रात्री राहिले, तर पहाटे सहाच्या आधीची बांग, सकाळचा घंटानाद आणि संध्याकाळचा धूप हे आपोआप वाट्याला येतात. हलकी झोप असलेल्यांनी कानात घालायचे बोळे न्यावेत.

मलाक्कातही तसेच. तेथील जालान तुकांग अमास या लहान रस्त्यावर १७८१ साली बांधलेले श्री पोय्याता विनायगर मूर्ती मंदिर आहे. ते चिट्टी समाजाचे, म्हणजे स्थानिक स्त्रियांशी विवाह करून शतकांपूर्वी तेथेच रुजलेल्या तमिळ व्यापाऱ्यांच्या वंशजांचे. त्यांची घरगुती बोली मलय, पोशाख मलय धाटणीचा आणि दैवत गणपती. मराठी माणसाला याहून आणखी काय हवे? त्याच रस्त्यावर अठराव्या शतकातील कांपुंग क्लिंग मशीद आहे आणि पुढे लागूनच चंग हून तंग हे जुने चिनी मंदिर. मुक्कामासाठी जाँकर स्ट्रीट टाळावा, कारण शुक्रवार ते रविवार तेथे रात्रीचा बाजार भरतो. त्याला समांतर असलेल्या हीरेन स्ट्रीटवर, ज्याचे आजचे नाव जालान तुन तान चंग लॉक, पेरानाकान कुटुंबांची खोल घरे आहेत आणि तुलनेने शांतता आहे. तेथील आठ क्रमांकाचे घर मलेशियाच्या वारसा न्यासाने जुन्या पद्धतीने दुरुस्त करून पाहण्यासाठी खुले केले होते. ते उघडे असल्यास मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी पाहावे, मग आपल्या हॉटेलच्या भिंती आपोआप वाचता येतात.

होडीवाट

रात्रींच्या वाटणीबाबत मी चुनागच्ची यांच्या बाजूचा आहे. क्वालालंपूरमध्ये व्यक्तिमत्त्वाच्या मागे न लागता स्थानकाजवळचे साधे, लिफ्ट असलेले हॉटेल घ्यावे. तेथून मलाक्काला बसने जावे, कारण त्या शहरात रेल्वे नाही, आणि पुढे पिनांगसाठी क्वालालंपूरला परतून बटरवर्थपर्यंत रेल्वे व तेथून फेरी बोट घ्यावी. मलाक्कात तीन आणि जॉर्ज टाउनमध्ये चार-पाच रात्री, मग विमानाने कुचिंग. कुचिंगमध्ये नदीकाठच्या मेन बझार किंवा कार्पेंटर स्ट्रीट परिसरातल्या जुन्या घरात मुक्काम ठेवून अनाह राईसला दोन रात्री जावे. पहिली रात्र ओळखीत जाते. दुसऱ्या संध्याकाळी यजमानीण आपली कामे करू लागते आणि सासूबाई तिच्याशेजारी खुर्ची टाकून भाजी निवडायला बसू शकतात.

बोर्निओवरील सबाह या दुसऱ्या राज्यात जाण्याचा बेत कधी झाला, तर किनाबतांगान नदीवरील बातू पुतेह येथे गावाच्या सहकारी संस्थेमार्फत चालणारी होमस्टे व्यवस्था आहे. तेथेही पाहुणे कुटुंबांत पाळीने वाटले जातात. या खेपेला ते ओढून घेऊ नये.

परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर घेतला जातो आणि काही ठिकाणी त्यावर लहानसा स्थानिक आकारही असतो. आगाऊ भरलेल्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो, म्हणून उतरताना मागितला तर वाद घालू नये. सारावाकमध्ये उतरताना देशांतर्गत विमान असूनही पारपत्राची पुन्हा तपासणी होते, तेव्हा पारपत्रे मोठ्या पेटीत बंद करून टाकू नयेत. अनाह राईसच्या यजमानांना पत्र लिहिताना तारखा, पलंग, शौचालय आणि ताटवाटी यांनी दिलेली यादी हे सारे एकाच पत्रात कळवावे. गावायच्या आठवड्यात उत्तर येण्यास उशीर लागेल, म्हणून ते पत्र मेच्या मध्यापूर्वीच पाठवून द्यावे.